दीडशे शॉर्टकट आणि एक खोकला

बडोद्याच्या दांडिया बाजार भागातून एका बाईंचं पत्र आलं आहे. वय ४३. शाळेतली संगीत शिक्षिकेची नोकरी तीन वर्षांपूर्वी सोडून त्यांनी घराच्या मागच्या खोलीत लहानसा स्टुडिओ थाटला. भजनं, आरत्या, जैन स्तवनं आणि नवरात्राआधी नॉनस्टॉप गरबे, असं काम येतं. रेकॉर्डिंग-एडिटिंग विंडोज लॅपटॉपवर, रीपर या सॉफ्टवेअरमध्ये. मदतीला येणारा २२ वर्षांचा मुलगा ‘कीबोर्डवर तबला वाजवल्यासारखं’ काम करतो, या मात्र माऊसनेच. एकदा मागे बसलेल्या गिऱ्हाइकाने घड्याळ पाहत विचारलं, “बेन, हजु केटली वार?” (ताई, अजून किती वेळ?) ते मनाला लागलं. मग दीडशे शॉर्टकटांचा तक्ता छापून, लॅमिनेट करून भिंतीवर लावला आणि दोन महिने रोज रात्री पाठ केला. सकाळी निम्मं विसरलेलं असतं. काही बटणं तर तक्त्यात लिहिलंय तशी वागतच नाहीत, आणि त्या मुलाला मात्र सगळं बरोबर येतं. परवा गायिकेचा एक खोकला कापला, दुसऱ्या दिवशी ऐकलं तर तिथून पुढे गाणं ढोलकाच्या पुढे धावत होतं. त्या विचारतात : या वयात हे हातात बसेल का? नवरात्रापूर्वी बसेल का? की माऊसच बरा, आणि वेगाचं काम सरळ त्या मुलाकडे द्यावं? जाता जाता एक लहान प्रश्न : तो म्हणतो मेकॅनिकल कीबोर्ड घ्या. घेऊ का?

ताई,

आधी तो खोकला. तुमच्या पत्रात तो अर्ध्या ओळीत आलाय, पण बाकीच्या पत्रापेक्षा मला त्यातूनच जास्त कळलं.

रीपरमध्ये ऑल्ट धरून पी दाबलं की रिपल एडिटिंगची स्थिती बदलते. एकदा दाबलं की ती त्या त्या ट्रॅकपुरती चालू होते, पुन्हा दाबलं की सगळ्या ट्रॅकना लागू होते, आणखी एकदा दाबलं की बंद. चालू असताना एखादा तुकडा काढला, की रिकामी जागा उरत नाही. नंतरचं सगळं त्या जागेत अलीकडे ओढलं जातं. तुम्ही खोकला काढला, तर खोकल्याएवढ्या वेळाने पुढचं सगळं गाणं अलीकडे आलं, आणि ढोलक होतं तिथेच राहिलं. मुलाखती कापताना ही सोय फार कामाची असते, चालीतल्या गाण्याला ती घातक. बोट बहुधा पाठांतराच्या भरात तिकडे गेलं असणार. वरच्या टूलबारवर रिपलचं चित्र असतं. ते पेटलेलं आहे का, हे कात्री लावण्याआधी पाहायची सवय करा. त्याहून बरं म्हणजे ऑल्ट-पी हा शॉर्टकटच काढून टाका. कसा ते पुढे सांगतो.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाहीये. एका नाटकाच्या पार्श्वसंगीताची शेवटची फाइल बनवताना मीही अगदी हेच केलं होतं. प्रयोगात नट दारापाशी पोचायच्या आधीच दार आपटल्याचा आवाज आला. प्रेक्षक हसले, नटाने मला आठवडाभर तोंड दाखवलं नाही.

आता तो तक्ता. काही बटणं तक्त्यात लिहिल्याप्रमाणे चालत नाहीत, पण मदतनिसाला सगळं बरोबर येतं, असं तुम्ही लिहिता. वाचता वाचता मला शंका आली की तुमच्या मशीनवर रीपरची मूळ मांडणी उरलेलीच नाही. या सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ प्रत्येक शॉर्टकट बदलता येतो, आणि बदललेली सगळी मांडणी एका फाइलमध्ये भरून दुसऱ्या मशीनवर नेता येते. जलद काम करणारी मुलं आपापली फाइल पेनड्राइव्हवर घेऊनच हिंडतात. त्याने सोयीसाठी स्वतःची मांडणी तुमच्याकडे चढवली असेल तर त्यात कपट नाही. पण मग दोन महिने तुम्ही एका घराचा पत्ता पाठ करत होतात आणि राहत होतात दुसऱ्याच घरात. त्याला विचारा. शिफ्ट धरून प्रश्नचिन्ह दाबलंत की क्रियांची सगळी यादी उघडते. हा एक शॉर्टकट मात्र खरंच पाठ करा, कारण बाकीचे तिथे सापडतात. त्या खिडकीतच की-मॅपची बाब आहे. सध्याची मांडणी तिथून फाइलमध्ये साठवता येते आणि मूळ मांडणी परतही आणता येते. साठवल्याशिवाय परत आणू नका, नाहीतर बिचाऱ्याचे हात दुसऱ्या दिवशी लुळे पडतील. त्याच यादीत एखादी क्रिया निवडून तिचं बटण काढून टाकता येतं. ऑल्ट-पीची बोळवण तिथेच करायची.

तरीही काही बटणं कधी चालतील, कधी नाही. त्याचं कारण तुमच्या स्मरणशक्तीत शोधू नका. हार्मोनियमची काळी दोन पट्टी कुठल्याही खोलीत काळी दोनच असते. इथे तसं नाही. मुख्य खिडकी आणि मिडी एडिटर, म्हणजे वाद्याच्या सुरांच्या नोंदी बदलायची खिडकी, यांच्या शॉर्टकटांच्या याद्या वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे शेवटचं क्लिक कुठे केलं होतं त्यावर त्याच बटणाचा अर्थ ठरतो. ऑल्ट-बीने पडद्यावरची पेटी उघडी राहिली असेल तर अक्षरं दाबल्यावर काप पडायच्या जागी सूर वाजू शकतात. आणि आपल्याकडे आणखी एक भानगड असते : गिऱ्हाइकाला मराठीत किंवा गुजरातीत निरोप टाइप केला, कीबोर्ड त्याच भाषेत राहिला, आणि मग नुसत्या अक्षरांचे शॉर्टकट कधी कधी दाद देत नाहीत. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते. माझा यावर एकदा अख्खा सकाळचा वेळ गेलाय, तोही सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करून.

आता तुमच्या मूळ समजुतीकडे येतो. गिऱ्हाईक ताटकळलं कारण माझे हात हळू चालतात, असं तुम्ही धरून चालला आहात. ते थोडं तपासून पाहू.

१९८० साली स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल या तिघांनी कॉम्प्युटरवरच्या कामाचा हिशेब मांडला होता. सरावलेल्या माणसाला एक बटण दाबायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. माऊसने पडद्यावरच्या एखाद्या ठिकाणी नेम धरायला १.१ सेकंद. हात माऊसवरून कीबोर्डवर न्यायला ०.४. आणि ‘आता काय करायचं’ हे मनात जुळवायला १.३५. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. सगळ्यात मोठा तोच आहे.

हा हिशेब तुमच्या खोलीत लावू. राइट-क्लिक करून यादीतून काप निवडायचा आणि पुन्हा आवाजाच्या लहरींच्या चित्रावर यायचं, याऐवजी एस दाबलं तर एका कापामागे साधारण दोन सेकंद वाचतात. एका नॉनस्टॉप गरब्यात समजा असे तीनशे काप पडतात. वाचली किती? दहा मिनिटं. नाकारण्यासारखी नाहीत, पण गिऱ्हाइकाचा चहा जेमतेम व्हावा एवढीच. आणि प्रत्येक कापाआधी ‘एस की शिफ्ट-एस?’ असं म्हणत भिंतीकडे एकदा जरी पाहिलंत, तरी त्या दोन सेकंदांतलं बहुतेक संपलं. तुमचे दोन महिने तिथे गेले. अर्धवट आठवणारा शॉर्टकट माऊसपेक्षा हळू असतो. तुमचे घरचे ‘माऊसनेच कर की’ म्हणत असतील तर आजच्या घडीला ते पूर्ण चूक नाहीत.

दुसरं असं, की वीस मिनिटांचा गरबा ऐकायला वीस मिनिटंच लागतात. गायिकेने तीनदा गायलेल्या अंतऱ्यातला कुठला ठेवायचा, कुठे ‘रे’ जरा उतरला आहे, कुठे श्वास कापला तर ओळ मेल्यासारखी वाटेल, हे ठरवायला जो वेळ जातो तो कीबोर्डने कमी होत नाही. मला वाटतं तुमचा बराचसा वेळ तिथेच जातो, आणि तो तिथेच जायला हवा. टेपच्या काळात पंधरा इंच प्रति सेकंद वेगाने फिरणाऱ्या फितीवर ब्लेड लावायचं म्हणजे आधी जागा चार वेळा ऐकायची, कारण चुकीचा काप सांधायला त्रास होता. आता आधी कापतात, मग ऐकतात, मग कंट्रोल-झेड दाबून केलेलं मागे घेतात. तुमच्या मदतनिसाच्या टकटकीत कंट्रोल-झेड किती वेळा वाजतं, एकदा मोजून पाहा. ही कुचेष्टा नाही. मी स्वतः तसाच काम करतो, म्हणून सांगतो.

मग शॉर्टकट शिकायचेच कशाला? माझं उत्तर घड्याळापेक्षा कानाशी जास्त जोडलेलं आहे. सूर ऐकत असताना डोळा यादीतली ओळ शोधायला गेला, की कान त्या सुरावरून सुटतो. परत धरायला मागून वाजवावं लागतं. बोट आपोआप पडलं, तर ऐकणं अखंड राहतं. एवढ्यासाठी दीडशे शॉर्टकट लागत नाहीत. आठ-दहा पुरतात. ते तुमचे कुठले, हे मात्र तक्ता सांगणार नाही.

एक संध्याकाळ नेहमीसारखं माऊसनेच काम करा आणि शेजारी कागद ठेवा. वाजवणं-थांबवणं, झूम, काप, मागे घेणं, फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं), सरकवणं, खूण करणं, जे कराल त्यापुढे दुकानदार काढतो तशी रेघ. रात्री रेघा मोजा. पहिल्या चार-पाच कामांतच बहुतेक रेघा येतील. तुमच्या प्रकारच्या कामात त्या कुठे पडतील याचा मला अंदाज आहे, म्हणून रीपरच्या मूळ मांडणीतलं सांगून ठेवतो.

डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर, आणि दोघांनी आपापली जागा सोडायची नाही. माऊस वापरणारे कच्चे आणि न वापरणारे पक्के, हे खूळ डोक्यातून काढा. रीपरमध्ये माऊसचं चाक फिरवलं की आडवं झूम होतं, कंट्रोल धरून फिरवलं की उभं, ऑल्ट धरून फिरवलं की पडदा पुढे-मागे सरकतो. यापेक्षा जलद झूम कुठलं बटण देणार? वाजवायला-थांबवायला स्पेस, ते तुम्हाला येतंच. कापायला एस. पण कापण्याआधी हवा तो तुकडा निवडलेला आहे का पाहा, नाहीतर पडद्यावरच्या उभ्या रेषेखाली (कर्सरखाली) येणाऱ्या सगळ्या ट्रॅकवर काप पडू शकतो. निवडलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकदम कापायचं तर शिफ्ट-एस. खोकल्यासाठी हेच.

ढोलक आणि ढोलासाठी टॅब. तुकडा निवडून टॅब दाबलं की रेषा पुढच्या ठोक्याच्या सुरुवातीवर जाऊन बसते, शिफ्ट-टॅबने मागच्या. टॅब, एस, टॅब, एस. ज्याला तुम्ही तबला वाजवणं म्हणता त्यातलं निम्मं एवढंच असतं. मंजिरी, म्हणजे लहान झांज, त्याच माइकमध्ये शिरली असेल तर रेषा तिच्यावरही अडखळते, तेव्हा ठोका ओळखण्याची संवेदनशीलता सेटिंगमध्ये कमी करावी लागते.

आणि माझा सगळ्यात लाडका : एम. गाणं पहिल्यांदा ऐकताना प्रत्येक अंतऱ्याच्या तोंडाशी एम दाबत जा, खुणा पडत जातात. नंतर वरच्या ओळीतला १ दाबला की पहिल्या खुणेवर, २ दाबला की दुसऱ्या. मागे बसलेले शेठ “त्रीजो अंतरो फरी संभळावो” म्हणाले, तुम्ही ३ दाबला, आणि तिसरा अंतरा लागला. ‘केटली वार’ हा प्रश्न बहुतेक वेळा अशाच क्षणी येतो, ऑपरेटर पडद्यावर पुढे-मागे धुंडाळत असतो तेव्हा. गिऱ्हाइकाला तुमच्या कापांचा वेग दिसत नाही, शोधाशोध दिसते.

मागे घ्यायला कंट्रोल-झेड सगळ्यांनाच ठाऊक. कंट्रोल-ऑल्ट-झेडने मात्र केलेल्या कामांची यादी उघडते, आणि कुठल्याही पायरीवर परत जाता येतं. सेटिंगमध्ये हा इतिहास प्रोजेक्टसोबत साठवायची सोय आहे, ती चालू करा. मग दुसऱ्या दिवशी कळलेला खोकलाही निस्तरता येईल.

वयाचं म्हणाल तर हा प्रश्न तुम्ही कुणाला विचारता आहात, ते तरी पाहा. पेटीवर तुमची बोटं न बघता पडतात. ती कशी बसली? पहिल्या दिवशी दीडशे अलंकार पाठ करून? एक पलटा (सरावाचा स्वरसमूह) विलंबितात, हात कंटाळेपर्यंत, मग दुसरा. तुमच्याच शहरात मौलाबक्ष या गवयांनी १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने गायनशाळा काढली, तेव्हा स्वरलिपी लिहून शिकवायची पद्धत त्यांनीच बसवली होती. पण कागदावर लिहिलेला पलटा गळ्यातून काढावा लागतोच, हे त्या शाळेतल्या पोरांनाही चुकलं नसणार. तुम्ही तक्ता वाचून रात्री पाठ केलात, गाणं समोर नसताना. हात तसं शिकत नाही. काम चालू असताना, त्या कामाच्याच जागी, एकच बटण. पाचदा चुकलं तरी त्या कामासाठी माऊसकडे जायचं नाही, एवढाच नियम. ते बसलं की पुढचं. तक्ता भिंतीवरून काढा. स्क्रीनच्या कडेला चिकटवायची पिवळी चिठ्ठी पुरे, तीही दोन ओळींची.

नवरात्रापूर्वी? ताई, नाही. गणपती बसले की तुमच्याकडे आरत्यांचं काम, आणि ते उठले की श्राद्धपक्षाच्या पंधरवड्यात सगळ्या गरबा मंडळांना एकदम जाग येते. गर्दीत हात बदलायचा नसतो. रंगमंचावर चढता चढता कुणी पेटीची बोटं बदलत नाही. सध्या एस, एम आणि आकडे, एवढेच घ्या. ते निरुपद्रवी आहेत आणि लगेच उपयोगी पडतील. टॅबचा सराव कोजागिरीनंतर, दूधपौंवा खाऊन झाल्यावर, निवांत.

त्या मुलाकडे काम द्यावं का, यात मला दोन वेगळे प्रश्न दिसतात. गोंगाट साफ करणं, श्वास बारीक करणं, ढोलाचे ठोके जागेवर आणणं, हे त्याला खुशाल द्या आणि त्याचे पैसे वाढवून द्या. पण तीन टेकांमधून कुठला ठेवायचा, हे तुम्ही सोडू नका. लोक तुमच्याकडे येतात ते तुमच्या कानासाठी. तो कान मागच्या खुर्चीवर बसवून पुढे जलद बोटं बसवली, तर उद्या ते सरळ बोटांकडेच जातील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. त्याच्याकडून शिकायला लाजू नका. फक्त ‘सगळं दाखव’ म्हणू नका. ‘हे एक काम तू कसं करतोस’ एवढंच विचारा. त्यालाही सांगता येईल, कारण दीडशे त्यालाही येत नसतील.

हेच पत्र दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्या वाचकांनी लिहिलं असतं तर मी एवढंच म्हटलं असतं की बटणाऐवजी कामाचं नाव लक्षात ठेवा. रीपरमधला एस एबलटनमध्ये कंट्रोल-ई होतो, लॉजिकमध्ये कमांड-टी, क्युबेसमध्ये ऑल्ट-एक्स. प्रो टूल्समध्ये कीबोर्ड फोकस चालू असेल तर नुसता बी. एफएल स्टुडिओ वापरणाऱ्यांना एफ-५ पासून एफ-९ पर्यंतच्या बटणांवर प्लेलिस्ट, पियानो रोल, मिक्सर या खिडक्या मिळतात, पण लॅपटॉपवर त्याच बटणांना आवाज आणि उजेडाचं काम लावलेलं असतं, तेव्हा एफएन धरायला विसरू नका. एबलटन आणि एफएलमध्ये अक्षरांवर सूर वाजवायची सोय चालू राहिली की शॉर्टकट बिघडल्यासारखे वाटतात. एबलटनमध्ये ती एम दाबून बंद होते, एफएलमध्ये कंट्रोल-टीने.

मनगट दुखतं असंही तुम्ही समासात लिहिलंय. कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट एकत्र धरायच्या कसरती करू नका. जे काम वारंवार लागतं त्याला क्रियांच्या यादीतून एकबोटी अक्षर द्या. बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा, सदर लिहिणाऱ्याला नको.

राहिला मेकॅनिकल कीबोर्ड. तुमच्याकडे माइक आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत आहेत, आणि गायिका गात असताना खुणा करायला तुम्ही एम दाबणार आहात. त्या कीबोर्डचा खटका हलक्या आलापामागे स्वच्छ ऐकू येईल, आणि मग तो कापत बसायला आणखी एक शॉर्टकट लागेल. मुलाला म्हणावं, हौस असेल तर तुझ्या घरी घे. तुमच्यासाठी बाजारातला साधा, मऊ बटणांचा घ्या, आणि घेण्याआधी दुकानात कान लावून दाबून पाहा.